खोल बैठक आणि गुडघ्याचे भय

जोर आणि बैठका हे दोन शब्द मराठीत जोडीनेच येतात. तालमीत जाणारा मुलगा प्रथम काय शिकतो असे विचारले, तर ज्याने तालमीचा उंबरठा कधी ओलांडलेला नाही तोही हेच उत्तर देईल. या जोडीतील बैठक वरवर पाहता अगदी साधी. गुडघे वाकवून खाली बसावयाचे आणि पुन्हा उठून उभे राहावयाचे. मूल बोलू लागते न लागते तोच हे शिकते, आणि पुढे शाळेत गुरुजींनी कान धरून उठाबशा काढावयास लावल्या म्हणजे त्याची उजळणीही होते. तथापि या साध्या क्रियेभोवती गेल्या शंभर वर्षांत जेवढे वाद झाले, तेवढे फारच थोड्या व्यायामांभोवती झाले असतील. खांद्यांवर लोखंडी दांडा घेऊन पूर्ण खाली बसावे की मांड्या जमिनीशी समांतर होण्यापूर्वीच थांबावे, दांडा मानेच्या मुळाशी असावा की त्याहून खाली, गुडघे पावलांच्या पुढे गेले तर चालतील काय, टाचा उचलाव्यात की नाही, या प्रश्नांवर पहिलवानांनी, डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी परस्परविरुद्ध मते दिली. आणि एका काळी तर एका प्रामाणिक संशोधकाच्या इशाऱ्यामुळे अमेरिकेतील तरुणांच्या एका पिढीला पूर्ण बैठक म्हणजे गुडघ्याचा नाश, असेच शिकविण्यात आले.

आपल्याकडील बैठकीला असा वाद ठाऊक नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले, तेव्हा बैठक ही तालमीतील नित्याचीच बाब होती. गामा पहिलवान लहान वयातच जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत मोठमोठ्या मल्लांच्या बरोबरीने टिकून राहिले, ही कथा आजही आखाड्यांतून सांगतात. 1910 साली ते लंडनला गेले आणि स्टॅनिस्लॉस झिबिस्को या पोलिश मल्लाशी त्यांची अडीच तासांहून अधिक वेळ झुंज झाली, त्या वेळी युरोपातील जाणत्यांना त्यांच्या मांड्यांचेच कुतूहल वाटले असले तर नवल नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 1936 पासून संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत देशी व्यायामाचे प्रकार विस्ताराने आले आहेत. व्यायामासारख्या विषयावर एवढा मोठा कोश मराठीत निघावा ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु देशी बैठकीचे एक लक्षण ध्यानात ठेवावयास हवे. तिच्या रूढ प्रकारात खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि हातांच्या झोक्याबरोबर शरीर वर येते. खांद्यांवर ओझे नसते. शेकडोंनी, कधी हजारांनी काढावयाच्या या बैठका होत. त्यांची कसोटी संख्येची आणि दमाची, वजनाची नव्हे.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र फारसे निराळे नव्हते. त्या काळच्या व्यायामाच्या पुस्तकांत गुडघे वाकविण्याचा जो प्रकार सांगितलेला आढळतो, तो बहुधा टाचा जुळवून, चवड्यांवर उभे राहून आणि हलक्या वजनानिशी करावयाचा. एस्टोनियात जन्मलेला प्रसिद्ध मल्ल जॉर्ज हॅकनश्मिट याने आपले व्यायामविषयक पुस्तक 1908 साली प्रसिद्ध केले. तो दांडा पाठीमागे दोन्ही हातांत धरून चवड्यांवर बैठका काढी, आणि त्या प्रकाराला त्याच्या नावाचा तुकडा आजही चिकटून राहिला आहे. टाचा उचललेल्या असल्या म्हणजे तोल सांभाळण्यातच निम्मी शक्ती खर्च होते, आणि म्हणून फार मोठा भार घेता येत नाही. टाचा जमिनीवर घट्ट टेकवून, पाठ ताठ ठेवून, फार मोठ्या वजनासह पूर्ण खाली बसावयाचे, ही कल्पना अजून सर्वमान्य व्हावयाची होती.

ती अमेरिकेत रूढ करण्याचे श्रेय एका जर्मन खलाशाकडे जाते. हेन्री स्टाइनबॉर्न याचा जन्म 1893 सालचा. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा तो ऑस्ट्रेलियात अडकला आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला छावणीत ठेवण्यात आले. कुंपणाआडच्या त्या वर्षांत त्याने व्यायाम सोडला नाही, उलट वाढविला. युद्ध संपल्यावर तो मायदेशी परतला आणि 1921 साली अमेरिकेत आला. त्याने मुक्काम केला तो फिलाडेल्फियात, आणि ही जागा योगायोगाने फार सोयीची ठरली. कारण ॲलन कॅल्व्हर्ट याने 1902 साली काढलेला वजनी दांड्यांचा अमेरिकेतील पहिला मोठा कारखाना त्याच शहरातला, आणि व्यायामाला वाहिलेले मासिकही तेथूनच निघे. स्टाइनबॉर्नने तेथील लोकांना जे करून दाखविले ते त्यांनी पूर्वी पाहिलेले नव्हते. आजच्या व्यायामशाळेत बैठकीसाठी दोन खांबांची घोडी असते. दांडा तिच्यावर टेकलेला असतो आणि माणूस त्याखाली खांदा देऊन उभा राहतो. त्या काळी असली घोडी सर्रास नव्हती. स्टाइनबॉर्न जमिनीवर आडवा पडलेला दांडा एका टोकावर उभा करी, त्याच्या शेजारी वाकून तो हळूहळू आपल्या पाठीवर कलवून घेई, कलता कलता स्वतः पूर्ण खाली बसे, दांडा मानेमागे समतोल झाला की टाचा न उचलता सरळ उभा राही, आणि पुन्हा खाली बसून त्याच वाटेने दांडा जमिनीवर ठेवी. हे तो सुमारे साडेपाचशे पौंड, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास वजनानिशी करी. मदतीला कोणी नाही, आधार कशाचा नाही. ज्याचे घोटे, खुबे आणि खांदे मोकळे नाहीत त्याला ही क्रिया रिकाम्या दांड्यानेसुद्धा साधणार नाही. आज या प्रकाराला त्याचेच नाव आहे. तो स्वतः 1989 पर्यंत जगला.

स्टाइनबॉर्नचे उदाहरण पाहून बैठकीची लाटच आली. मार्क बेरी या संपादकाने 1930 नंतरच्या वर्षांत तिचा हिरिरीने प्रचार केला. जोसेफ हाइस नावाच्या त्याच्या एका वाचकाने वीस-वीस जड बैठका, दोन बैठकांमध्ये खोल श्वास आणि भरपूर दूध या आहारविहाराने महिन्याभरात आपले वजन कितीतरी वाढविल्याचे कळविले, आणि दूध व बैठक यांची सांगड म्हणजे जणू नवा शोधच अशी तेथे त्याची वाहवा झाली. कोल्हापूरच्या एखाद्या वस्तादाला हे कोणी सांगितले असते तर तो मिशीत हसला असता.

परंतु पूर्ण बैठकीची खरी शिस्त लावली ती भारोत्तोलनाच्या स्पर्धांनी. जमिनीवरील दांडा एकदम डोक्यावर न्यावयाचा, किंवा आधी खांद्यांवर घेऊन मग डोक्यावर न्यावयाचा, अशा या स्पर्धा. दोन्हींत एक क्षण असा येतो की वर फेकलेल्या दांड्याखाली उचलणाऱ्याने विजेच्या वेगाने शिरावे लागते. हे दोन रीतींनी करता येते : एक पाय पुढे व एक मागे टाकून, अथवा दोन्ही पाय ठेवून सरळ पूर्ण बैठकीत जाऊन. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पहिली रीत अधिक प्रचलित होती, कारण तीत सांध्यांच्या लवचिकतेची एवढी परीक्षा होत नाही. दुसऱ्या रीतीत दांडा तुलनेने कमी उंच उचलावा लागतो, परंतु माणसाला अगदी तळाशी बसून धड ताठ ठेवता आले पाहिजे. अमेरिकेच्या ॲक्रन शहरात पीटर जॉर्ज या मुलाला त्याच्या गुरूने ही दुसरी रीत शिकविली. त्याने 1952 साली हेलसिंकीला सुवर्णपदक मिळविले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतील आपले कांस्यपदक जिंकले तेही त्याच हेलसिंकीला. पुढल्या वीस वर्षांत पाय फाकण्याची रीत मागे पडली आणि बैठकीची रीत सर्वत्र झाली.

यातूनच, ज्याला आज उंच दांड्याची बैठक म्हणतात, तिचे स्वरूप पक्के झाले. मानेच्या मुळापासून दोन्ही खांद्यांकडे उतरणारा जो जाड स्नायू आहे, त्याच्या माथ्यावर दांडा ठेवावयाचा. मणक्याच्या हाडावर नव्हे, हे नवशिक्याला आवर्जून सांगावे लागते. खांद्याची पाती मागे ओढून तो स्नायू फुगविला की दांड्याला गादी मिळते. पावले खांद्यांइतक्या अंतरावर आणि बाहेरच्या बाजूस किंचित वळलेली. श्वास पोटात भरून धरावयाचा, म्हणजे कणा आतून बांधला जातो. मग खुबे आणि गुडघे एकाच वेळी सोडून सरळ खाली, दोन टाचांच्या मधोमध, बसावयाचे. गुडघे पावलांच्या बोटांच्या दिशेनेच जावेत. आत झुकता कामा नयेत. धड ताठ असल्यामुळे गुडघे बोटांच्या पुढे येतात, आणि ते येणारच. याच्या उलट, दांडा खांद्याच्या पात्यांवर दोनतीन बोटे खाली ठेवला तर धड पुढे झुकते, खुबे मागे जातात आणि पाठीच्या व नितंबांच्या बळावर अधिक वजन उचलता येते. केवळ वजनाचा आकडा मोठा करावयाचा असेल तर ही रीत सोयीची. म्हणून 1972 साली ज्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली त्या पॉवरलिफ्टिंगच्या खेळाने ती आपलीशी केली. भारोत्तोलकाला मात्र दांड्याखाली ताठ बसण्याची सवय हवी असते, आणि म्हणून तो उंच दांडा सोडीत नाही. दोहोंत श्रेष्ठ कोणती हा वाद निरर्थक होय. बैलगाडी आणि नाव यांत श्रेष्ठ कोण, असे विचारण्यासारखेच ते आहे.

अमेरिकेत हे सर्व ऐन बहरात असतानाच 1961 साली कार्ल क्लाइन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. क्लाइन हे टेक्सास विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक. व्यायामाचे ते शत्रू नव्हते. दुखापतींतून खेळाडूंना सावरण्यासाठी वजनांचा उपयोग करावा असेच त्यांचे मत होते. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांना किती सैलपणा आहे हे मोजण्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार केले आणि खोल बैठका काढणाऱ्या भारोत्तोलकांची व इतरांची तपासणी केली. भारोत्तोलकांचे अस्थिबंध अधिक सैल आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मांडी जमिनीशी समांतर होण्यापलीकडे बसू नये अशी शिफारस केली. दुसऱ्याच वर्षी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या लोकप्रिय साप्ताहिकाने गुडघा वाकविण्यासाठी नाहीच अशा अर्थाच्या मथळ्याखाली हा विषय घरोघर पोहोचविला. पाहता पाहता शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी पूर्ण बैठक बंद केली. संशोधकाने घातलेल्या मर्यादा मथळ्यात शिल्लक राहत नाहीत. क्लाइन यांनी बैठक निषिद्ध म्हटली नव्हती, पण लोकांच्या कानी निषेधच पडला.

टीका झाली नाही असे नाही. तपासणाऱ्याला समोरचा मनुष्य बैठका काढणारा आहे की नाही हे आधीच कळत असेल, आणि उपकरणावर दाब त्याच्याच हाताने द्यावयाचा असेल, तर निष्कर्षात त्याची अपेक्षा उतरल्याशिवाय कशी राहील, हा प्रश्न भारोत्तोलकांनी विचारला आणि तो बिनतोड होता. 1971 साली एडवर्ड मायर्स यांनी खोल आणि अर्ध्या बैठकांची तुलना केली. गुडघ्याच्या स्थैर्यात त्यांना फरक आढळला नाही. 1989 साली चँडलर, विल्सन व स्टोन यांनी आठ आठवडे बैठका काढणाऱ्यांचे गुडघे तपासले आणि सैलपणा वाढल्याचे दिसून आले नाही. म्हणजे ज्या निष्कर्षाने एका वर्षात देश व्यापला, तो मागे घेण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. आणि खरे पाहता तो अजून पुरता मागे घेतला गेलेलाच नाही, कारण समांतरच्या खाली जाऊ नका हा सल्ला आजही व्यायामशाळांतून ऐकू येतो. सरकारी कचेऱ्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. मनाई करणारे परिपत्रक सकाळी निघून संध्याकाळपर्यंत सर्वत्र पोहोचते. ते रद्द करणारे परिपत्रक मात्र कोणी वाचीत नाही.

खोल जाण्याने गुडघ्यावरील ताण सतत वाढतच जातो, ही समजूत या भयाच्या मुळाशी होती. प्रत्यक्षात तसे घडत नाही. सांध्याच्या आतील अस्थिबंधांवरचा ताण बैठकीच्या मधल्या टप्प्यापर्यंत मोठा असतो आणि पूर्ण खाली जाताना तो उतरतो. तळाशी मांडीची मागील बाजू पोटरीवर टेकते आणि भाराचा काही अंश तेथे वाटला जातो. गुडघ्याच्या वाटीचा मांडीच्या हाडाशी होणारा स्पर्शही विस्तारतो, त्यामुळे दाब एकवटत नाही. जर्मनीतील हार्टमान, विर्थ आणि क्लुसेमान यांनी 2013 साली उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला तेव्हा त्यांनी उलट दिशेनेच बोट दाखविले : अर्ध्यावर थांबणारा मनुष्य खोल बसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वजन खांद्यांवर घेऊ शकतो, आणि कालांतराने गुडघ्याला व कण्याला धोका संभवतो तो त्या फाजील वजनाचा. गुडघे बोटांच्या पुढे जाऊ देऊ नयेत या सल्ल्याचीही तीच गत. मेम्फिस विद्यापीठात 2003 साली सात सरावलेल्या पुरुषांच्या पुढे फळी उभी करून गुडघे अडविण्यात आले. सांध्याला वाकवू पाहणारे जे बल, ज्याला यंत्रशास्त्रात परिबल म्हणतात, ते गुडघ्यावर सुमारे एक पंचमांशाने घटले खरे. पण खुब्यावर ते दहापटींहून अधिक वाढले, कारण अडलेल्या गुडघ्यांची भरपाई धड पुढे झुकवून करावी लागली. ओझे नाहीसे झाले नाही, शेजाऱ्याच्या अंगणात टाकले गेले इतकेच.

मग खोल बैठक सर्वांना का साधत नाही? याचे उत्तर बहुतेक वेळा पायातील बळात नसून घोट्यात असते. नडगी पावलावर पुढे किती झुकू शकते यावर सारे अवलंबून आहे. ती झुकली नाही की टाचा उचलल्या जातात किंवा धड कोसळते, आणि तळाशी कंबर आत वळून कण्याचा ताठपणा मोडतो. या बाबतीत एक जुना पुरावा आपल्याच देशातला आहे. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविणारे हॅवलॉक चार्ल्स यांनी 1893 साली पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर निबंध लिहिला. नडगीचे हाड आणि त्याखालील घोट्याचे हाड यांच्या पुढल्या कडांवर, जेथे उकिडवे बसताना ती एकमेकांस भिडतात, तेथे त्यांना लहान गुळगुळीत स्पर्शपृष्ठे आढळली. खुर्चीवर बसणाऱ्या युरोपीयांच्या हाडांत ती क्वचित दिसत. 1959 साली इंदरबीर सिंग यांनी भारतीयांच्या हाडांवर हाच अभ्यास पुन्हा केला. उकिडवे बसण्याची सवय हाडावर आपली सही करून जाते, हे त्यातून उघड झाले.

ही सही आता पुसट होत चालली आहे. चूल ओट्यावर चढली, पाटाची जागा टेबलाने घेतली, शौचकूपाचे रूप पालटले; आणि ज्यांच्या आज्या भाजी निवडताना तास तास उकिडव्या बसत, त्या घरांतील तरुण व्यायामशाळेत जाऊन टाचेखाली लाकडी पट्टी घेतल्याशिवाय खाली बसू शकत नाहीत. पट्टी घेण्यात कमीपणा नाही. भारोत्तोलकांच्या खास बुटांची टाच कठीण आणि सुमारे दोन सेंटिमीटर उंच असते ती याचसाठी : टाच उंचावली की घोट्याला तेवढे कमी वाकावे लागते आणि धड ताठ राहते. पण बूट हे साधन आहे, सांधा नव्हे. भिंतीकडे तोंड करून टाच न उचलता गुडघा भिंतीस लावणे, आणि उकिडवे बसून कोपरांनी गुडघे हलके बाहेर रेटणे, असले साधे उपाय रोज काही मिनिटे केले तर काही महिन्यांत घोटे आणि खुबे मोकळे होऊ लागतात. घाई करणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते आणि तो आधी वजन वाढवितो. बहुतेक दुखापती येथेच होतात.

तथापि जुने ते सारे निर्दोष असेही समजू नये. बीजिंगमधील वृद्धांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी जे दिवसाकाठी पुष्कळ वेळ उकिडवे बसत, त्यांच्यात गुडघ्याच्या सांध्याची झीज अधिक आढळली. तासन्‌तास एकाच स्थितीत सांध्यावर भार टेकून बसणे आणि आठवड्यातून दोनतीनदा, मोजक्या वेळा, सावकाश खाली जाऊन उठणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोहोंना एकच मोजपट्टी लावल्याने उभयपक्षी गोंधळ झाला.

भारताच्या वतीने ऑलिंपिकच्या भारोत्तोलनात पहिल्यांदा उतरला तो ब्रह्मदेशचा झॉ वेक, 1936 साली बर्लिनला. स्त्रियांसाठी हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला 2000 साली, सिडनीला, आणि त्याच वेळी कर्णम मल्लेश्वरी यांनी 240 किलो उचलून कांस्यपदक मिळविले; ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मणिपूरच्या मीराबाई चानू 24 जुलै 2021 रोजी तोकियोत मंचावर आल्या, तेव्हा त्यांच्या गटाची वजनमर्यादा 49 किलो होती. दुसऱ्या प्रकारात त्यांनी 115 किलोचा दांडा जमिनीवरून ओढला, त्याखाली शिरून पूर्ण बैठकीत तो खांद्यांवर झेलला, तळाशी क्षणभर थांबल्या आणि टाचा जमिनीला घट्ट चिकटवून वर आल्या. गुडघे बोटांच्या बरेच पुढे गेलेले होते.